हळदीचा बॉयलर

उमरखेडच्या बाहेर, पुसद रस्त्याला लागलं की डाव्या हाताला अश्वजित हनवतेचं वर्कशॉप आहे. पत्र्याचं मोठं शेड, पुढे मोकळी जागा आणि शेडवर मुलीच्या नावाची पाटी, मैत्रेयी वेल्डिंग वर्क्स. काही वर्षांपूर्वी या मोकळ्या जागेतून चालायला वाट सापडत नसे. मंगल कार्यालयाचं गेट, ट्रॅक्टरची ट्रॉली, पाण्याचा टँकर, शाळेचे बाक, कोणाच्या तरी गच्चीचा जिना, आणि या सगळ्यांच्या मधोमध हळद शिजवायचे बॉयलर. कोण काय सांगून गेलं ते अश्वजितच्या डोक्यात असे. डोक्यात जे मावत नसे ते दीपमालाच्या वहीत. दीपमाला त्याची बायको. ऑर्डरी लिहून घेणं, फोन उचलणं आणि सामान मागवणं तिच्याकडे होतं.

अश्वजितने कोणाला नाही म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं. याला कारण होतं. त्याचे वडील पंजाबराव बाजार समितीत हमाली करत. पोराने पुसदला आयटीआय केलं, जुनं वेल्डिंग मशीन घेतलं आणि रस्त्याकडेला दुकान टाकलं, तेव्हा पहिलं वर्षभर लोक येत, नाव विचारत, आडनाव विचारत आणि "पाहू" म्हणून पुढच्या दुकानात जात. अश्वजित दिवसभर मशीनजवळ बसून असे. मग एकदा ऐन पेरणीत एका शेतकऱ्याचं पेरणी यंत्र मोडलं, बाकीच्यांनी दोन दिवसांचा वायदा केला, आणि अश्वजितने ते दोन तासांत जोडून दिलं. त्या दिवसापासून आलेला माणूस त्याने परत पाठवला नाही. जमत नसलेलं कामही तो घेई आणि मग शिकून घेई.

त्याच्यात धाडस होतं यात शंका नाही. या भागात हळद वाढली तरी लोक ती उघड्या कढईतच शिजवत होते. अश्वजित सांगलीकडे गेला, वाफेवर हळद शिजवणारं यंत्र एक अख्खा दिवस उभं राहून पाहिलं आणि परत येऊन दोन महिन्यांत स्वतःचं बनवलं. मधोमध पाण्याची टाकी, खाली भट्टी, टाकीतली वाफ नळीने चार ड्रममध्ये. ड्रम एका हाताने कलंडवता येईल अशी युक्ती त्याची स्वतःची. पहिल्या हंगामात चार यंत्रं गेली, दुसऱ्यात नऊ. पण हंगाम सरला की त्याचं मन उडे. एका वर्षी कापसाची वाळलेली पऱ्हाटी बारीक करायचं यंत्र, एका वर्षी उन्हावर मिरची वाळवायची पेटी, एका वर्षी ई-रिक्षाची बॉडी. सगळी सुरू झाली, पण लोकांपर्यंत एकही पोचलं नाही.

शेडमध्ये त्याच्याहून वयाने मोठा एकच माणूस होता, किसनसिंग. जवळच्या तांड्यावरचा, पंचविशीपासून वेल्डिंग करणारा. अश्वजितला मशीन धरायला त्यानेच शिकवलेलं. तो एकदा म्हणाला होता, "अश्वजित, तू नवी वाट पाडतं, अन् तिच्यावरून चालाच्या आधीच दुसरी पाडाले घेतं."

अश्वजित हसला होता. "काका, थांबला तो संपला."

२०२२ च्या जानेवारीत गोपाल राठोड नावाच्या माणसाने बॉयलर सांगितला. गोपाल आणि त्याची बायको रुपीबाई दरवर्षी ऊस तोडायला जात. त्या वर्षी त्यांनी ठरवलं होतं की घर सोडून जायचं नाही, यंत्र घ्यायचं आणि गावोगावी फिरून लोकांची हळद शिजवून द्यायची. यंत्र तयार झालं, पण सेफ्टी वॉल आला नव्हता. हा वॉल म्हणजे टाकीतल्या वाफेचा दाब वाढला की आपोआप उघडणारी झडप. ती सांगलीहून येई आणि त्या वर्षी माल अडकला होता. गोपाल रोज येऊन बसू लागला. फेब्रुवारी लागला, शेतात काढणी सुरू झाली.

अश्वजितने दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या बॉयलरचा वॉल काढला, घासून साफ केला आणि गोपालच्या यंत्राला बसवला.

किसनसिंगने पाहिलं. "हा जुना हाय. थांबू दे त्याले चार दिवस."

"हंगाम थांबते का काका? नवा आला की मी स्वतः जाऊन बदलून देतो. आठ दिवसाचा प्रश्न हाय."

रुपीबाईने यंत्राला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि दोघं ते ट्रॅक्टरला जोडून घेऊन गेले.

नवे वॉल नवव्या दिवशी आले. खोकं फळीवर ठेवलं गेलं. त्याच आठवड्यात मंगल कार्यालयाचं गेट द्यायचं होतं, लग्नाची तारीख जवळ आलेली. मग ग्रामपंचायतीचे दोन टँकर. दीपमालाने दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा अश्वजित म्हणाला, "उद्या जातो." तो खोटं बोलत नव्हता. उद्या जायचं असंच त्याच्या मनात होतं.

यंत्र नेल्याला बावीस दिवस झाले, त्या दुपारी बारा वाजता बबनरावांचा फोन आला. बबनराव मोठे शेतकरी, तीस एकरांत हळद, तूर, सोयाबीन. त्यांच्याच शेतात गोपालचं यंत्र लागलेलं होतं.

"अश्वजित, लवकर ये. बॉयलर उडाला."

तो पोचला तेव्हा शेतात पिवळ्या हळदीचा ढीग तसाच होता, त्यातून वाफ निघत होती. टाकी शाबूत होती. पुढचं झाकण बोल्ट तोडून पंधरा फुटांवर पडलं होतं. वॉल चिकटून बसला होता, उघडलाच नव्हता. दाब वाढत गेला आणि झाकणाने वाट दिली. रुपीबाई त्या वेळी भट्टीत लाकूड सारत होती. डावा हात, खांदा, मान, गाल वाफेने भाजले होते. बायकांनी तिच्यावर पाणी ओतलं होतं आणि ओलं लुगडं टाकलं होतं. ती ओरडत नव्हती. हळू आवाजात एकच शब्द परत परत म्हणत होती, "याडी... याडी..." तिच्या बोलीत आईला याडी म्हणतात. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

बबनरावांनी स्वतःच्या जीपमध्ये तिला नांदेडला नेलं. गोपाल मागे तिचं डोकं धरून बसला.

संध्याकाळी पोलीस पंचनाम्याला आले. जमादार जुन्या ओळखीचा होता. तो अश्वजितला म्हणाला, "लाकडं जास्त घातली असतील. नवशिके लोकं. असंच झालं असंल ना?"

नांदेडहून परतलेल्या बबनरावांनीही त्याला बाजूला घेतलं. "वापरनाऱ्याची चूक लिहू दे. गोपाल काई बोलनार नाई, तो शुद्धीवर कुठं हाय. तू सुटून जाशीन. तुह्या मागं बी लेकरू हाय."

अश्वजित खाली पडलेल्या झाकणाकडे पाहत राहिला. मग जमादाराकडे गेला.

"लिहा साहेब. वॉल जुना होता. नवा माह्या शेडात फळीवर पडून हाय. म्या बदलला नाई."

जमादाराने पेन थांबवलं. "पुन्हा इचार कर."

"लिहा," अश्वजित म्हणाला.

गुन्हा दाखल झाला, जामीन झाला. ती केस अजून चालू आहे. रुपीबाई वाचली. तिच्या उपचारांसाठी अश्वजित आणि दीपमालाने गावातला रिकामा प्लॉट विकला. शेडचं शटर बंद राहिलं. किसनसिंग तांड्यावरून येईनासा झाला. शेडमधले दोन कारागीर, विक्की आणि आणखी एक, सकाळी येऊन पायरीवर बसत आणि दुपारी घरी जात. लोक मात्र येतच होते. "गेट कधी देता?" "ट्रॉलीचं काय झालं?" दीपमाला त्यांच्याशी बोले. अश्वजित आत खाटेवर बसून ऐके.

मार्च सरता सरता एके सकाळी तो म्हणाला, "बंद करू. मी कुठी कारखान्यात लागतो. माह्या हातानं आता काई बनवनं होत नाई."

दीपमाला भाकरी करत होती. तिने तवा उतरवला.

"बंद करू. पन एक सांगा, आपले बाकीचे बॉयलर कुठं हायेत?"

"कुठं म्हंजे? गावायत."

"कोनत्या गावायत?"

त्याने बोटं मोजायला सुरुवात केली. अठरा नावं आठवली, मग थांबला. दीपमाला उठली आणि पाच वर्षांच्या वह्या घेऊन आली. तिने आदल्या आठवड्यात सगळ्या चाळल्या होत्या. गेट, जिने, बाक यांच्या मधून शोधून तिने बॉयलर काढले होते. एक्केचाळीस होते.

"यायचे वॉल कसे हायेत?" तिने विचारलं.

त्याने वही आपल्याकडे ओढली.

"तुमाले ठाऊक नाई. मले बी नाई. मंग बंद कसं करता?"

दुसऱ्या दिवशी ती एकटी तांड्यावर गेली. किसनसिंग बाजेवर बसला होता. त्याची बायको हंसाबाई हिने चहा ठेवला. दीपमालाने माफी मागितली नाही, समजूतही घातली नाही. तिने वही उघडून गावांची नावं वाचून दाखवली. "काका, तुमच्याशिवाय हे तपासता येनार नाई."

किसनसिंगने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्या त्याले सांगतलं होतं. पन अडवलं नाई. यंत्र शेडाच्या बाहेर जाऊन राह्यलं होतं अन् मी बिडी पेटवत होतो." आणि तो चप्पल घालायला उठला.

एप्रिल आणि मे अश्वजित, दीपमाला आणि किसनसिंग पिकअप घेऊन फिरले. उमरखेड, महागाव तालुका, पैनगंगा ओलांडून हदगाव आणि कळमनुरीकडची गावं. काही यंत्रं गोठ्यात होती, काही कडब्याखाली, एक तर तिसऱ्याच माणसाला विकलेलं. प्रत्येक टाकी उघडायची, झाकण पाहायचं, जुना वॉल काढून नवा बसवायचा. पैसे घ्यायचे नाहीत. लोकांना आश्चर्य वाटे. कोणी संशयाने विचारी, "फुकट कायले देऊन राह्यले?" अश्वजित प्रत्येकाला खरं ते सांगे. ते सांगणं दर वेळी तेवढंच जड जाई.

अकरा यंत्रांचे वॉल तारेने बांधून टाकलेले सापडले. एकाला वीट लटकवलेली होती. एका ठिकाणी वॉल काढून भोकात लाकडी खुंटी ठोकलेली. त्या यंत्राचा मालक शंकरसिंग नावाचा चांगला समजूतदार माणूस होता.

"हे काहून केलं?" अश्वजितने विचारलं.

"सारखा फुसफुस करे बावा. वाफ वाया जाये. शिजाले वेळ लागे. म्हनून ठोकून देल्लं."

दीपमालाने विचारलं, "तो वॉल कायले असते हे तुमाले कोनं सांगतलं?"

"कोनंच नाई सांगतलं. तुमच्या मालकानं यंत्र आनलं, चालू करून देल्लं, अन् घाईत गेले. त्यायले टँकर द्याचा होता कोनाले तरी."

अश्वजितने खुंटी उपटली. ती त्याच्या हातात भुसभुशीत झाली होती, वाफेने शिजलेली.

परतताना पैनगंगेच्या पुलाअलीकडे त्यांनी गाडी लिंबाखाली थांबवली. किसनसिंग टायरवर पाणी मारत होता. दीपमाला म्हणाली, "मी बारा दिवसापासून एक इचार करून राह्यली. आपन जेवढे कामं करतो, त्यातलं कोनतं आपन नाई केलं तर लोकायचं अडते?"

"साऱ्यायचंच अडते."

"नाई अडत. गेट विक्की एकटा करते. ट्रॉली पुसदले भेटते, आपल्याहून चांगली. जिने, बाक, टँकर, कोनीबी करते. बॉयलर बिघडला त सांगलीचा मानूस येईपर्यंत हंगाम सरते. इकडं ते जाननारा मानूस तुमी एकटे हा. अन् तेच काम आपन साऱ्यायच्या मधात, घाईत, उरल्या वेळात केलं."

"मंग?"

"मंग तेच कराचं. बॉयलर बनवाचा, चालवनाऱ्याले बसवून शिकवाचं, अन् दरसाल हंगामाच्या आधी एक एक तपासाचा. दुसरं काईच नाई घ्याचं."

अश्वजितने तिच्याकडे पाहिलं. "आलेल्या मानसाले परत पाठवाचं? तुले त्या पहिल्या सालाचं ठाऊक हाय. लोकं नाव इचारून पुढं जायचे. मी दिवसभर बसून राहो."

"ठाऊक हाय," दीपमाला म्हणाली. "तवा कोनी येत नव्हतं म्हनून तुमी साऱ्यायले हो म्हनत गेले. आता येतात. पन तुमी अजूनबी तवाच्या भेवानंच हो म्हनता."

तो उठून गाडीत जाऊन बसला. शेडजवळ उतरताना किसनसिंग एवढंच म्हणाला, "बाई बराबर बोलून राह्यली."

जूनमध्ये शटर उघडलं. अडकलेली कामं त्यांनी पूर्ण करून दिली आणि नवं घेणं थांबवलं. विक्कीला गेट-ग्रिलचंच काम आवडे. त्याने स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा अश्वजितने पट्टी वाकवायचं मशीन आणि गेटांचे सगळे नमुने त्याला दिले. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो विक्कीकडे पाठवू लागला. दुसरा कारागीर हैदराबादला निघून गेला. मोकळ्या जागेत पहिल्यांदाच गवत उगवलं.

सगळ्यात कठीण दिवस ऑगस्टमध्ये आला. बबनराव स्वतः आले. त्यांना दोन ट्रॉल्या हव्या होत्या.

अश्वजितने खुर्ची दिली. दीपमाला वही घेऊन कोपऱ्यात होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. हे त्यालाच म्हणायचं होतं.

"बबनराव, ट्रॉली आता आमी करत नाई."

"करत नाई म्हंजे? पाच वर्षापासून तूच करून राह्यला."

"बंद केलं. आता फक्त बॉयलर. पुसदच्या एका चांगल्या मानसाचा नंबर देतो."

बबनरावांचा चेहरा बदलला. "माही जीप नसती त ते बाई वाटेतच मेली असती. इसरला काय?"

"मरेपर्यंत नाई इसरनार."

"अन् मले परत धाडून राह्यला."

अश्वजितच्या ओठांवर हो आलं होतं. ते त्याने गिळलं. "बबनराव, त्या दिवशी माह्या हातात गेट होतं म्हनून तो वॉल राहून गेला. तुमची ट्रॉली मी हातात घेतली त कोना दुसऱ्याचा राहीन."

बबनराव उठले. "मोठा झाला तू," असं म्हणून गेले. त्या हंगामात त्यांनी बाहेरून आलेल्या एका विक्रेत्याकडून चकचकीत, स्वस्त बॉयलर घेतला, आणि त्यांचं पाहून आजूबाजूच्या चार जणांनीही घेतला.

पहिल्या वर्षी अश्वजितची सात यंत्रं गेली. दीपमालाने घरातलं बरंच काही थांबवलं, मैत्रेयीची नांदेडची शिकवणीसुद्धा. पोरीने कारण विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं, रुपीबाईसकट. तेरा वर्षांची मुलगी ऐकून घेऊन आत जाऊन बसली.

पण शेडमध्ये एक वेगळी गोष्ट घडत होती. अश्वजितचं जे डोकं दहा दिशांना धावे, ते आता एकाच यंत्रात शिरलं होतं. एकाऐवजी दोन वॉल, दुसरा कुलपाच्या जाळीत, म्हणजे कोणाला तार बांधता येणार नाही. झाकण भट्टीच्या बाजूचं काढून मागच्या बाजूला. पाणी कमी झालं तर वितळून भट्टीत वाफ सोडणारा आणि आग विझवणारा खिळा. दाब वाढू लागला की शिट्टी. एक सुधारणा जमायला कधी तीन महिने लागत. पूर्वी तो तीन आठवड्यांत कंटाळून दुसरं धरे. आता किसनसिंग आणि तो एकाच झाकणाभोवती दिवस काढत, आणि पूर्वीचाच नव्या गोष्टीचा हावरेपणा त्याच्या डोळ्यांत दिसे. दीपमालाला ते पाहून बरं वाटे. तो बदलला नव्हता. त्याच्या उडीला आता जमीन मिळाली होती.

दीपमालाने दोन नियम केले. यंत्र घेणाऱ्याने आणि ते चालवणाऱ्याने जानेवारीत अर्धा दिवस येऊन शिकायचं, नाहीतर यंत्र मिळणार नाही. आणि दर वर्षी तपासणी झाली की यंत्रावर त्या वर्षाचा आकडा ठोकलेली पत्र्याची पट्टी लावायची. लोक चिडले. एक जण म्हणाला, "यंत्र विकत घ्याले परीक्षा द्या लागते काय?" तो निघून गेला. दुसऱ्या वर्षी नऊच यंत्रं गेली. बाहेरच्या विक्रेत्याची तीस गेली असतील. एका संध्याकाळी अश्वजितने विचारलं, "चुकलो त नाई ना आपन?" दीपमालाने वहीतले आकडे पुन्हा पाहिले. ती म्हणाली, "अजून एक साल पाहू."

त्याच मार्चमध्ये बबनरावांचा स्वस्त बॉयलर बंद पडला. विक्रेत्याचा फोन लागेना. त्यांनी शेतावरचा गडी पाठवला, स्वतः आले नाहीत. अश्वजित आणि दीपमाला यावर थोडे बोलले आणि ठरलं की दुसऱ्याचं यंत्र दुरुस्त करायचं, पण आपले दोन वॉल लावू दिले तरच. बबनरावांनी लावू दिले. काम संपल्यावर ते बांधावर येऊन उभे राहिले. जाळीतल्या वॉलकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हा तवा असता त?"

"असता त काई झालं नसतं," अश्वजित म्हणाला.

बबनराव बांधावरून घराकडे वळले. पुढच्या महिन्यात त्यांचं पाहून स्वस्त बॉयलर घेतलेल्या चौघांचेही फोन आले. शेतकरी हळूहळू विचारू लागले, यंत्रावर पट्टी आहे का. पट्टी नसलेल्या यंत्राला काही गावांत काम मिळेना. मग महागावकडच्या बायकांच्या एका शेतकरी गटाने एकदम सहा यंत्रं सांगितली. त्यांनी भाव विचारण्याआधी विचारलं होतं, शिकवायला किती वेळ देता.

२०२५ च्या जानेवारीत शिकवणीच्या दिवशी शेडमध्ये साठ-सत्तर माणसं होती. मोकळ्या जागेत फक्त बॉयलर उभे होते. अश्वजित एका यंत्रापुढे उभा राहून बोलत होता. तेवढ्यात मागची माणसं बाजूला सरकली. रुपीबाई आली होती.

तिला कोणी बोलावलं नव्हतं. तीन वर्षांत अश्वजित दर महिन्याला तिच्या अंगणात जाऊन बसे. गोपाल त्याच्याशी बोले. रुपीबाई एकदाही बोलली नव्हती. ती सरळ पुढे आली, यंत्रापासून दहा पावलांवर थांबली आणि लोकांकडे वळली. डाव्या खांद्यावरचा पदर तिने खाली केला. मान आणि दंड दिसला. डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली होती.

"हा मानूस वाईट नाई, असं सारे सांगतात," ती म्हणाली. "तांड्यावर बी सांगतात. मले त्याच्याशी काय करनं हाय? वाईट मानसानं केलं असतं तरी एवढंच जळलं असतं."

मागे उभी असलेली माणसं पुढे सरकली.

"त्याच्या डोक्यात दुसरं काम होतं. तुमच्या डोक्यात बी असते. पोरीचं लगन, मोटारसायकल, कायबी. पन भट्टीजवळ मी होती. आता हा मानूस जे सांगते ते नीट आयका. मी आयकलं असतं, पन मले कोनी सांगतलं नाई."

एवढं बोलून तिने पदर नीट केला. अश्वजित तसाच उभा होता. त्याने मान खाली घातली नाही. ती त्याच्याकडे न पाहता बाहेर पडली.

दीपमाला तिच्या मागे रस्त्यापर्यंत गेली. जेवून जा म्हणाली, रुपीबाई नाही म्हणाली. दोघी एसटीची वाट पाहत उभ्या राहिल्या.

"गोपालभाऊ?"

"ऊस तोडाले गेला. मी नाई गेली, हात चालत नाई. पोरगी नववीत हाय."

"पुढच्या साली बोलावू का?"

"बोलावू नका. वाटलं त येईन." मग जरा वेळाने ती म्हणाली, "तुमच्या मालकाले सांगा, आंगनात येऊन बसत जाऊ नको म्हना. तो आला की मले दिवसभर काम सुचत नाई. माफ-बिफ मले समजत नाई. त्यानं त्याचं काम करावं."

एसटी आली. उजव्या हाताने दांडा धरून ती चढली.

दीपमाला परत आली तेव्हा जेवणं उरकत होती. तिने अश्वजितला बाजूला घेऊन रुपीबाईचा निरोप जसाच्या तसा सांगितला. त्याने सगळं ऐकलं. थोडा वेळ तो हौदाजवळ पाठ करून उभा राहिला. मग तोंडावर पाणी मारून यंत्राकडे गेला. एक नवा ऑपरेटर टाकीपाशी थांबला होता.

"पानी किती भरलं?" अश्वजितने विचारलं.

त्या माणसाला लगेच सांगता येईना. तो वाकून काचेतली पाण्याची रेघ शोधू लागला. अश्वजित उत्तर येईपर्यंत थांबला.